आठ दिवस जपलेली दाढ

आमच्या घरात माणसांच्या वयापेक्षा बकऱ्यांचं वय जास्त पक्कं ठाऊक असायचं. अब्बांचा धंदाच तो. आर्णीचा बाजार, बोरी अरबचा बाजार, आणि वर्षातून तीन-चारदा झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांची मोठी फेरी. विकणारा शपथेवर सांगायचा, "दोन वर्साचा हाय जी, लेकरावानी पोसला." अब्बा सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि मग बोकडाची मान काखेत धरून त्याच्या तोंडात अंगठा घालायचे. बोकडाच्या खालच्या जबड्यात समोरचे दात संपले की दाढा सुरू होईपर्यंत चांगली दोन-तीन बोटं मोकळी जागा असते. तिथं अंगठा घातला की तो चावूही शकत नाही आणि तोंडही मिटू शकत नाही. समोरचे दुधाचे दोन दात पडून रुंद दोन दात आले असले की बोकड दोन दाती, म्हणजे कुर्बानीला चालणारा. नसले तर तो मालकाच्या शपथेसकट परत. "थो काय बोलते थे मी आयकत नाही, बकरा काय दाखवते थे पाह्यतो," असं अब्बा म्हणायचे, आणि हे त्यांनी बाजारापुरतंच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. घरातही त्यांचं तसंच होतं. कुणी काही सांगितलं की आधी शंका.

घर म्हणजे तीन खोल्या, वर टिनं आणि मागं बकऱ्यांचा गोठा. पहाटेची अजान व्हायची, पण जाग यायची ती बकऱ्यांच्या ओरडण्यानं आणि अम्मीच्या भाकर थापण्याच्या आवाजानं. आमची बोली हिंदी-वऱ्हाडीची खिचडी. अब्बा बाजारातून वऱ्हाडी घेऊन यायचे, फुफी म्हणजे अब्बांची विधवा बहीण हिंदीत रागवायची, आणि आम्ही चार भावंडं समोर जसा माणूस असेल तशी जीभ वळवायचो. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, मुंडी शिजायची. आधी जाळावर भाजलेली, सुरीनं खरवडलेली, मग लसूण-खोबऱ्याच्या वाटणात दुपारपर्यंत रटरटणारी. वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. थोरल्या भावाला भेजा, धाकट्या दोघांना जीभ आणि मला जबडा, अशी वाटणी ठरलेली. मांस खाऊन झालं की मी जबड्याचं हाड राखेनं घासून टिनांवर वाळत घालायची. फुफी म्हणायची, "इस लडकी को हड्डियों का क्या शौक है, अल्ला जाने." पण अब्बांना ते आवडायचं. एकदा त्यांनीच दोन जबडे शेजारी ठेवून मला दाखवलं की पाटीच्या, म्हणजे लहान बकरीच्या, खालच्या दुधाच्या दाढांमधली शेवटची दाढ तीन पाकळ्यांची असते, आणि ती पडून तिच्या जागी जी नवी येते तिला दोनच पाकळ्या असतात. "समोरचे दात पाहून सारेच सांगतात," ते म्हणाले. "मांगचं पाह्यनारा खरा." त्या वयात मला ही जगातली सगळ्यात मोठी विद्या वाटली. आजही फार लहान वाटत नाही.

माझं स्वतःचं वय मात्र कुणालाच ठाऊक नाही असं सगळे धरून चालायचे. मी जन्मले तेव्हा अब्बा झरी जामणीच्या फेरीवर होते. परत आले तर पाळण्यात मी. कचेरीत नोंद करायची, ती आज करू उद्या करू म्हणता राहूनच गेली. परवा माझ्या नातीचा जन्माचा दाखला तिचं नाव ठेवायच्या आधी मोबाईलवर आला, तेव्हा मी सुनेला म्हटलं, बाई, तुझ्या पोरीनं जन्मतःच माझ्यावर मात केली. माझा पहिला कागद म्हणजे शाळेचं दाखलखारीज, म्हणजे पोरांच्या नोंदीचं रजिस्टर, आणि तोही मी स्वतःच्या हातानं बिघडवला. अगदी शब्दशः हातानं. भाऊ पाचवीत होता, मी त्याच्या मागं मागं शाळेत गेले आणि पहिलीच्या पोरांच्या रांगेत उभी राहिले. राऊत गुरुजी नावं लिहीत होते. त्या काळी दाखला नसलेल्या पोराचं वय पाहायची एकच रीत होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला तर सहा वर्षं पूर्ण, नाही आला तर पुढच्या साली ये. आता आमच्या खानदानात हात लांब. पाच पूर्ण व्हायला अवकाश होता, तरी मी कान धरला, आणि नुसता धरला नाही तर पिरगाळून दाखवला. गुरुजींनी सहा वर्षं लिहिली आणि जन्मतारीख म्हणून त्यांची ठरलेली तारीख लावली. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकच होता.

अम्मीनं त्याच दिवशी सांगितलं होतं की हे चुकलं. "अजून पाचची बी नाही हे," ती म्हणाली. अब्बा म्हणाले, "एक साल इकडं का तिकडं, काय फरक पडते? अन् तुले तरी कुठं पक्कं याद असन?" अम्मी भांडणारी बाई नव्हती, पण विसरणारीही नव्हती.

मधे धाकट्याच्या जन्माच्या वेळी अम्मी खूप आजारी पडली आणि माझं एक वर्ष पाळण्याची दोरी ओढण्यात गेलं. म्हणून पाचवी संपली तेव्हा कागदावर मी बारा वर्षं पूर्ण केलेली घोडी होते. त्याच साली राऊत गुरुजींनी मला यवतमाळच्या मुलींच्या निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलं. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरींची शाळा पाचवी-सहावीलाच संपायची. माझ्या बरोबरीच्या दोघींच्या घरी तेव्हाच शिलाई मशीन आली होती, आणि फुफीनं आमच्यासाठीही एक बघून ठेवली होती. मला मशीनचा राग नव्हता. मला शाळा हवी होती. मी परीक्षेला अशी बसले की पेपर हिसकावून घेईपर्यंत पेन सोडला नाही, आणि पासही झाले. आठ दिवस घरात मीच मी होते. मग एका संध्याकाळी गुरुजी सायकल लोटत घरी आले. त्यांचा चेहरा पाहूनच अम्मीनं चहाचं आधण ठेवलं आणि दाराआड येऊन उभी राहिली.

"हनीफभाई, नंबर लागला, पन अडकला," गुरुजी म्हणाले. "बारा पूर्ण झालेली पोरगी घेत नाहीत थे. हिच्या दाखल्यावर बारा पूर्ण होऊन गेले. कागद वापस आला."

अब्बा म्हणाले, "म्हंजे गेलं?"

दाराआडून अम्मी बोलली. "गुरुजी, तिले अकरा बी पूर्ण नाही. मी तवाच सांगतलं होतं."

गुरुजींनी मान खाली घातली. ते चांगले होते, म्हणून त्यांना लाज वाटली. "भाभी, तारीख म्याच लावली, माही चूक हाय. पन आता तुमी सांगतलं म्हून थे बदलत नाही. तोंडी चालत नाही. लेखी पुरावा लागते."

"मी जन्म देल्ला तिले," अम्मी म्हणाली. "याच्याहून कोनता पुरावा?"

यावर दोघंही पुरुष चहा प्यायले. मग गुरुजींनी मार्ग सांगितला. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर वयाचा दाखला देतात. हाडांचा फोटो काढतात आणि दात बघतात. पुढच्या बुधवारी जायचं आणि शुक्रवारच्या आत दाखला निवासी शाळेत पोचवायचा. शुक्रवार चुकला की जागा दुसऱ्या पोरीला. "दुधाच्या दाढा तोंडात असल्या," गुरुजी उठता उठता म्हणाले, "तर बाराच्या आतलीच धरतात म्हंते."

दात म्हटल्यावर अब्बांच्या अंगात जान आली. आता गोष्ट त्यांच्या इलाक्यात आली होती. त्यांनी मला कंदिलाजवळ ओढलं, हनुवटी वर केली आणि म्हणाले, "आ कर." बराच वेळ पाहिलं. "हाय. खाली हाय, वर बी हाय. दुधाच्याच हायत." मग त्यांनी बोटानं एक दाढ चाचपली आणि त्यांचा आवाज उतरला. "पन हे खालची हलून राह्यली."

खालची, उजव्या बाजूची. मला ती दोन-तीन दिवसांपासून जाणवत होती, पण परीक्षेच्या खुशीत मी तिच्याकडं लक्ष दिलं नव्हतं. आता सगळ्या घराचं लक्ष तिच्यावर गेलं. माझ्या मनानं घेतलं की ही दाढ पडली तर पुरावा पडला. पुरावा पडला तर शाळा गेली, आणि मग फुफीची मशीन. बाकीच्या दाढा होत्या की, पण तेव्हा हे मला सुचलं नाही आणि घरात कुणी सांगितलंही नाही. मी त्या रात्री गोधडीत पडल्या पडल्या ठरवलं की बुधवारपर्यंत ही दाढ पडू द्यायची नाही. दाढेला विचारलं नाही. तिला हुकूम दिला.

ते आठ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. डाव्या बाजूनं खायचं, तेही मऊ. भाकर रश्शात इतकी भिजवायची की तिचं पिठलं व्हावं. अम्मी रोज माझ्यासाठी वेगळं करायची, कधी मुगाची पातळ खिचडी, कधी दुधात कुस्करलेली पोळी, कधी शेवया. धाकटे दोघे जळायचे. जुम्म्याला मुंडी शिजली आणि माझ्या ताटात जबडा आला नाही, तर मी समोर बसून भावाला तो चघळताना पाहिलं आणि नुसता रस्सा प्यायले. गल्लीत खेळायला जाणं बंद, कारण लगोरीचा चेंडू तोंडावर बसला तर? पोरी दारात येऊन विचारायच्या, "काहून येत नाही वं?" मी तोंड न उघडता मान हलवायची. त्यांना वाटलं परीक्षा पास झाल्यावर मला शिंगं फुटली. बोलायचंही मी कमी केलं. अम्मी म्हणाली की एवढा एक फायदा झाला.

सगळ्यात मोठा धोका फुफीचा होता. मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराचा हलता दात तिनं दोऱ्यानं ओढलेला. दाताला दोरा, दोऱ्याचं टोक दाराच्या कडीला, आणि बोलण्यात गुंतवून धाडकन दार लावायचं. मग दात टिनांवर फेकायचा. हलणारा दात तोंडात ठेवणं तिला घरात साप ठेवल्यासारखं वाटायचं. "पक जायेगा, सड जायेगा," ती दिवसभर बडबडायची. चौथ्या दिवशी दुपारी मी जरा लवंडले होते, जाग आली तर फुफी उशाशी, हातात रिळाचा दोरा. मी उठून गोठ्यात पळाले आणि बकऱ्यांच्या मधे बसून राहिले. अम्मी पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. मी तिला फुफीशी वर मान करून बोलताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "आपा, तिच्या तोंडाले हात लावू नका. बुधवारपर्यंत कोनीच लावू नका." फुफी इतकी चकित झाली की दोरा पुन्हा रिळाला गुंडाळून ठेवला.

पण अम्मीचा हुकूम अब्बांना लागू आहे असं अब्बांना वाटलं नाही. ते रोज सकाळी बाजाराला निघण्याआधी माझं तोंड बघायचे. "आ कर. हाय. ठीक." सहाव्या दिवशी दाढ जिभेनं ढकलली तर आडवी व्हायची. सातव्या दिवशी ती एका बाजूनं सुटली आणि रक्ताची चव आली. मी कुणाला सांगितलं नाही. कापूस चावून निजले.

बुधवारी पहिल्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. अब्बा अम्मीला म्हणाले होते, "तू कायले येतं? तिथं दात पाह्यतात, तुले कोन इचारते?" अम्मीनं बुरखा घातला आणि चपला पायात सरकवल्या. यवतमाळपर्यंत मी दातावर दात ठेवून बसले. एसटी खड्ड्यात आपटली की अम्मीचा हात आपोआप माझ्या हनुवटीखाली यायचा. स्टँडवर उतरलो तेव्हा मी जिभेनं चाचपलं. होती. मला इतकं हलकं वाटलं की मी अब्बांकडं बघून हसले. आणि तिथंच घात झाला. अब्बांना वाटलं, आत जाण्याआधी एकदा खात्री करावी. स्टँडच्या गर्दीत त्यांनी माझं डोकं काखेत धरलं आणि सवयीनं, पस्तीस वर्षांच्या सवयीनं, अंगठा तोंडाच्या कोपऱ्यातून आत घातला, बोकडाला जिथं दात नसतात बरोबर तिथं. पण माणसाच्या तोंडात ती जागा मोकळी नसते. सुळ्याला लागूनच दाढा असतात. अंगठा थेट तिच्यावर बसला. कुडुक असा बारीक आवाज मला कानात ऐकू आला, आणि अब्बांनी हात बाहेर काढला तेव्हा त्यांच्या तळव्यावर दाढ होती.

मी रडले नाही. मला राग आला, असा राग की मी बापाला म्हणाले, "मी बकरी नोहे." आजूबाजूचे लोक बघायला लागले. बाजारात कुणाच्या बापाचं न ऐकणारे अब्बा तळव्याकडं बघत उभे होते. अम्मीनं ती दाढ त्यांच्या हातातून उचलली, रुमालात बांधली, माझ्या ओठावरचं रक्त पुसलं आणि म्हणाली, "चाला. पडली तं पडली. वय कुठं पडलं?" आणि ती पुढं चालायला लागली. दवाखाना कुठं आहे हे तिला ठाऊकही नव्हतं.

डॉक्टर एक प्रौढ बाई होत्या, कानाजवळ पांढरे केस, बोलणं शांत. त्यांनी आधी माझ्या मनगटाचा आणि जबड्याचा फोटो काढायला पाठवलं आणि मग खुर्चीत बसवलं. अब्बांनी गुन्हा कबूल करावा तसा रुमाल पुढं केला. "डॉक्टरसाब, अब्बीच पडली. मह्या हातानं. सकाळपासून होती, खुदा कसम." आयुष्यभर लोकांच्या शपथा परत करणारा माणूस शपथ घेत होता. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी दाढ उलटी करून उजेडात धरली. "हिला मुळं राहिली नाहीत बघा. खालून येणाऱ्या दाढेनं खाऊन टाकलीत. ही आज नाही तर उद्या पडणारच होती. पडल्यानं काही बिघडत नाही, उलट मला नीट दिसतंय." त्यांनी आरसा माझ्या तोंडात घातला आणि मलाही दुसरा आरसा दिला. रक्त पुसलेल्या खाचेत तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक दिसत होतं.

"ही उपदाढ," त्या म्हणाल्या. "लहान लेकराच्या तोंडात ही नसते. दुधाच्या दाढा पडतात, त्यांच्या जागी या येतात. वर चार, खाली चार. बारा पूर्ण झालेल्या मुलीच्या तोंडात बहुतेक सगळ्या आलेल्या असतात. हिची ही पहिलीच." मग त्यांनी फोटोची काच खिडकीला लावली. दुधाच्या दाढांच्या पोटाखाली, हाडाच्या आत, नव्या दाढा एकेका कोठडीत बसलेल्या होत्या. मी इतकी वाकून बघायला लागले की खुर्चीतून पडले असते. मी विचारलं, "बकरीले बी अशाच येतात का? तिच्या तीन पाकळ्यांच्या जागी दोन पाकळ्यांची येते." डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?" मी अब्बांकडं बोट दाखवलं. अब्बा अजून रुमालच घडी करत होते.

पुढं बत्तीस वर्षं मी कॉलेजात हेच शिकवलं. बकरीला जबड्याच्या एका बाजूला तीन उपदाढा, कुत्र्याला चार, माणसाला दोन, आणि फार मागच्या सस्तन प्राण्यांना चारही होत्या, आपल्या घराण्यानं पुढच्या दोन वाटेत सोडल्या. मुलांना कंटाळा यायचा. मी टेबलावर जबडे मांडायची तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली नाक दाबायच्या. मला मात्र दरवेळी ती काच खिडकीला लावलेली दिसायची.

डॉक्टरबाईंनी लिहायला घेतलं. "दहा ते अकराच्या आसपास. बारा खात्रीनं नाही." मी अम्मीचा हात धरला. पण मग त्या थांबल्या. "शाळेला तारीख लागेल. दात वर्षाचा अंदाज देतात, दिवस देत नाहीत. जन्मतारीख काय?"

अब्बा म्हणाले, "थेच तं ठाऊक नाही जी."

"तुम्हाला नाही विचारलं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि बुरख्याचा पडदा वर केलेल्या अम्मीकडं वळल्या. "तुम्ही सांगा."

अम्मीनं एक क्षणही विचार केला नाही. "हिच्या मोठ्या भावाले पहिलीत टाकलं, त्या साली. तान्ह्या पोळ्याचा दिवस. दुपारची जोहरची अजान होऊन गेलती. गल्लीतले पोट्टे लाकडी बैल घेऊन बोजाऱ्याचे पैसे मांगत दारात आलते, अन् हे रडली तं दाईनं तिकडं ओरडून सांगतलं, जा रे, इथं पोरगी झाली. पोट्ट्यांनी बोजारा सोडून दारातच नाच केला." डॉक्टरबाईंनी कारकुनाला जुन्या पंचांगात शोधायला सांगितलं, भाऊ पहिलीत गेला त्या साली तान्हा पोळा कोणत्या तारखेला आला होता. तारीख निघाली. हिशेबानं मी दहा वर्षं नऊ महिन्यांची होते. फोटोशी जुळलं, दातांशी जुळलं. डॉक्टरबाईंनी 'आईच्या सांगण्याप्रमाणे' असं लिहून सही केली आणि विचारलं, "एवढं लख्ख आठवतंय तर आधी कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगतलं," अम्मी म्हणाली. "अकरा सालं झाले सांगून राह्यली."

दाखला आम्ही त्याच दुपारी निवासी शाळेत दिला. जागा माझी झाली. परतीच्या गाडीत अब्बा खिडकीकडं तोंड करून बसले होते, आणि मी तोंड उघडं टाकून फुटाणे खात होते, उजव्या बाजूनं.

घरी आल्यावर जेवणं झाली. अब्बांनी माझी शाळेची कोरी वही मागितली. "लिही," ते मला म्हणाले, आणि अम्मीकडं न बघता अम्मीला म्हणाले, "सांग. साऱ्या पोरांच्या." अम्मीनं चौघांच्याही सांगितल्या, दिवस, वेळ, घरात काय शिजलं होतं तेही. मी लिहीत गेले. अब्बांनी एकदाही मधे बोलून तोडलं नाही. चार नावं झाली तेव्हा मी विचारलं, "अम्मी, तुही तारीख?"

"माही कोनाले ठाऊक," ती म्हणाली. "माही अम्मी मी तीन सालची असतानी गेली. सांगनारं कोनी राह्यलं नाही."

मला नवी विद्या चढली होती. मी कंदील उचलला आणि म्हणाले, "तोंड उघड, मी दात पाहून सांगतो." फुफी हसली, धाकटे हसले, अम्मीही हसत हसत आ करून बसली. मी कंदील जवळ नेला. सकाळी डॉक्टरबाईंनी मला दाखवलं होतं की सुळ्याच्या मागं दोन उपदाढा असतात. अम्मीच्या वरच्या उजव्या बाजूला तिथं हिरडी होती. डाव्या बाजूलाही. खाली एक होती, तीही अर्धी. अम्मी तेव्हा फार तर चौतीस-पस्तिशीची असेल.

"हे कवा पडल्या?" मी विचारलं.

"पडल्या नाही, काढल्या," ती म्हणाली, अजून हसतच होती. "हे थोरल्याच्या वेळची. हे तुह्या वेळची, सातवा महिना होता, गाल सुजून डोळा बंद झालता. आपानं दोऱ्यानं ओढली. हे खालची धाकट्याच्या वेळी मोडली, थे तशीच हाय. ठणकते कधी कधी."

"कोनाले सांगतलं नाही?" हे अब्बा होते. ते कधी उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले ते मला कळलं नव्हतं. ते कंदिलाच्या उजेडात अम्मीच्या तोंडात बघत होते.

अम्मीनं तोंड मिटलं. "सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमी फेरीवर निंगत होते."

अब्बांनी माझ्या हातातून कंदील घेतला आणि खुंटीला लावला. मग भावाला विचारलं, "यवतमाळची पह्यली गाडी किती वाजता हाय?"

"उद्या बाजार है, भाईजान," फुफी म्हणाली.

"राहू दे बाजार," अब्बा म्हणाले.